खडस माशाने गिळलेलं हसू

या, शिरा पांघरुणात. एकदा काय झालं, एका राजाला एक लेक होती, सुरंगी नावाची. भारी हसरी! एके दिवशी ती नदीच्या डोहावर वाकली आणि खो खो हसली. तेवढ्यात डोहातून वर आला एक म्हातारा खडस मासा. चांगला माझ्या हाताएवढा लांब, बरं का! त्याने मिशा हलवल्या, आ वासला, आणि सुरंगीचं हसू गपकन गिळून पसार!

मग काय! विदूषकाने कोलांट्या मारल्या, माकडं नाचली, पण सुरंगी हसेचना. जेवेना की खेळेना. राजा चिडला. म्हणाला, "चर खणा आणि डोह रिकामा करा!"

नदीवर तानूबाई भोईण मासे धरायची. ती पुढे आली. "महाराज, डोह आटला तर सगळे मासे तडफडून मरतील. खडसाच्या पोटातलं हसूही मरेल. मी गळ टाकून बघते."

"बघ," राजा म्हणाला. "पण सूर्य मावळला की कुदळी चालणार."

सुरंगीही तिच्याबरोबर गेली. डोहावर उंबराचं झाड होतं. पिकलं उंबर पाण्यात पडलं की खडस ते मटकावायचा. मग तानूबाईने गळाला उंबर लावलं. माशाने काय केलं? उंबर कुरतडून खाल्लं आणि गळ तेवढा ठेवला. लबाड!

मग तिने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं उंबर कोरलं, लाखेने लाल केलं. टप्पकन पाण्यात टाकलं. मासा आला, त्याने निरखून पाहिलं, आणि शेपूट मारून गेला.

"का गं गेला, मावशी?"

"खरं उंबर अर्धं बुडतं, बाईसाहेब. आपलं बघा कसं वर वर नाचतंय."

मग तिने लाकडी उंबराच्या पोटात शिशाचा मणी बसवला. आता ते बरोबर अर्धं बुडालं. मासा आला. त्याने ओठही लावला! पण दोरा दिसला मात्र, सुळकन खाली.

ऊन कललं. पलीकडे राजा आला, कुदळी घेऊन माणसं उभी राहिली. तानूबाईचा आवाज बारीक झाला. "दोरा जाड पडतोय. याहून बारीक माझ्याकडे नाही हो."

मग सुरंगीने वेणी सोडली आणि लांब केस उपटले. आई गं! डोळ्यांत पाणी आलं, पण तिने आणखी उपटले. तानूबाईने त्यांना पीळ घालून बारीक दोरा केला आणि गळाशी बांधला.

टप्प! मासा आला, थबकला... आणि गिळलं की त्याने! अशी ओढाओढ झाली म्हणता! दोघी चिखलात बसल्या, पण त्यांनी गळाची काठी सोडली नाही. शेवटी मासा काठाला आला.

तानूबाईने हळूच गळ काढला. "बाबा, लेकीचं हसू दे आणि जा आपल्या घरी."

मासा म्हणाला, "घेऊन जा बाई एकदाचं! मला वाटलं, फळ पडलं. तेव्हापासून पोटात नुसत्या गुदगुल्या. डोळ्याला डोळा नाही!"

त्याने मोठ्ठी उचकी दिली. हसू उडालं ते थेट सुरंगीच्या तोंडात. ती हसली, पण कशी? आधी बुडबुड, मग खो खो! ते ऐकून तानूबाई हसली, कुदळीवाले हसले, राजा तर पोट धरून खाली बसला.

मग डोह राहिला, मासे राहिले, सगळी माणसं आनंदात राहिली. आणि तो म्हातारा खडस? गेला तळाशी, आणि गाढ झोपला. आता तुम्हीही मिटा बघू डोळे.