कालदंष्ट्राचे बोल

एका राज्यात सौगंधिका नावाची स्त्री राहत होती. ती मायावी पट घडवी. चंदनाच्या फळीवर चांदीची घरे, घरांवर हस्तिदंती सोंगट्या. खेळणाऱ्याने सोंगटी उचलली की त्याचे मन पटात उतरे, आणि तिथे सोंगट्या माणसांसारख्या हिंडत, बोलत, रडत. तिने नवा पट रचला, तेव्हा राजा धवलकेतू भरदरबारात तो खेळायला बसला.

पटात त्याला कालदंष्ट्र नावाचा मांत्रिक भेटला. त्याचा आवाज फार मऊ होता. वाटेत तीन द्वारे होती.

पहिल्या द्वारात एक आंधळी हरिणी आडवी पडली होती. "मागून शत्रू येतो आहे, महाराज. हिला दरीत लोटा," कालदंष्ट्र म्हणाला. राजाने लोटले.

दुसऱ्या द्वारात एक बगळा खजिना राखत होता. "वचन द्या आणि मोडा. पाखराला दिलेले वचन ते कसले?" कालदंष्ट्र म्हणाला. राजाने वचन दिले आणि मोडले.

तिसऱ्या द्वारात तापाने ग्रासलेले गाव होते. घराघरांतून कण्हणे ऐकू येत होते.

"एक गाव जाळा, महाराज, म्हणजे शंभर गावे वाचतील. मेलेल्यांना उत्तर द्यावे लागत नाही."

राजाने पलिता लावला.

तो पटातून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हाताला धुराचा वास येत होता. पटावर घडलेले सारे दरबाराने पाहिले होते. राणी पदराने तोंड झाकून उठून गेली.

राजा म्हणाला, "हे बोल कुणी लिहिले?"

"मी, महाराज."

"म्हणजे गावे जाळावीत, असे तुझे मत!"

"ते कालदंष्ट्राचे मत आहे, महाराज."

"त्याला तोंड तूच दिलेस!"

तेव्हा राजमांत्रिक विकंक पुढे झाला. त्याने दंड आपटला. "यापुढे तुझ्या जिभेवर कालदंष्ट्राचेच बोल राहतील. तुझे मत काय, असे महाराज स्वतः विचारतील, तेव्हाच ती सुटेल." एवढे बोलून तो हसला. राजे असे कुणाला विचारत नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

सौगंधिका पाणवठ्यावर गेली. पाणी मागायला तोंड उघडले, आणि बाहेर पडले, "हिला दरीत लोटा." पाणी देणारीच्या हातून घागर निसटली. शेजारणीच्या तान्ह्या बाळाला आशीर्वाद द्यायला गेली, तर ती म्हणाली, "मेलेल्यांना उत्तर द्यावे लागत नाही." शेजारणीने किंकाळी फोडून बाळ छातीशी धरले. सौगंधिका हादरली. पटावर शोभणारे ते बोल तान्ह्या जिवापुढे असे वाजतील, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते. तिने तोंडाला फडके बांधले.

तशात सीमेवरच्या पळसगावात खरोखरच ताप शिरला. दरबार भरला. सौगंधिका दाराशी उभी राहिली.

विकंक हात जोडून म्हणाला, "महाराज, प्रजेच्या हितासाठी एका गावाची आहुती द्यावी. बाकीची गावे सुखरूप राहतील."

प्रधानाने मान डोलावली. सेनापतीने मान डोलावली. राजाने राजमुद्रा उचलली.

सौगंधिकेने फडके ओढून काढले आणि ती ओरडली, "एक गाव जाळा, महाराज, म्हणजे शंभर गावे वाचतील!"

सारे दचकले. विकंक घाईघाईने म्हणाला, "आणि पळसगावची माणसे तरी कुठे तक्रार करायला—"

"मेलेल्यांना उत्तर द्यावे लागत नाही!" सौगंधिकेने त्याचे वाक्य पुरे केले.

सिंहासनाच्या कडीवर बसलेली मैना म्हणाली, "मघाशी सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाहिले."

राजाच्या हातून मुद्रा गळून पडली. त्याने विकंकाकडे पाहिले, प्रधानाकडे पाहिले, आणि शेवटी सौगंधिकेकडे वळून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, तुझे स्वतःचे मत काय?"

तिच्या ओठांतून चिमूटभर काळी राख गळाली. विकंकाचा दंड मधोमध दुभंगला, आणि त्याची विद्या सरली.

"तिथे वैद्य पाठवा," सौगंधिका म्हणाली. "औषध आणि धान्य पाठवा. आणि मलाही पाठवा."

राजाने वैद्य पाठवले, औषध आणि धान्याच्या गाड्या पाठवल्या, आणि तिलाही पाठवले. विकंकाला सीमेपार घालवले. पळसगावातले काही जण गेले, पुष्कळ वाचले. राज्य पुन्हा नीट चालू लागले.

तापाने फणफणलेली एक म्हातारी सौगंधिकेला ओळखून मागे सरकली. "असले भयंकर बोलणे तुला सुचले तरी कसे, बाई?"

सौगंधिका ओली पट्टी पिळत होती.

"कालदंष्ट्राच्या आसनावर बसून पाहिले, आजी. तिथून तुमचे गाव फार लहान दिसत होते."

म्हातारीने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केले.