शेळ्यांची साक्ष

इनामदारांना दुसऱ्याची चांगली वस्तू दिसली की ती आपलीच वाटे. लांडग्यांनी त्यांच्या तीन शेळ्या उचलल्या, आणि इनामदारांची नजर ठकूबाई धनगरणीच्या खंड्यावर गेली. या कुत्र्याच्या धाकानं तिच्या कळपाकडे लांडगा फिरकत नसे. इनामदारांनी खंड्याला सरळ आपल्या दारात नेऊन बांधलं आणि आठ दिवस मटण चारलं. मग ठकूबाईनं दाद मागितल्यावर चावडीवर मिशीला पीळ देत पंचांना सांगितलं, “कुत्रा माझा. पिल्लू होता तेव्हापासून माझ्याच शेळ्यांत वाढलाय. खंड्या, ये!”

खंड्या शेपूट हलवत गेला. पंचांनी माना डोलावल्या. ठकूबाईनं ओळखलं, कुत्रं गेलं की कळपही गेलाच! पण रडत बसेल ती ठकूबाई कसली?

“पंच मंडळी, माझे साक्षीदार माळावर चरताहेत. मालकांचेही बोलवा.”

दोन्ही कळप चावडीपुढे आले. पंचांनी खंड्याला आधी ठकूबाईच्या शेळ्यांत सोडलं. शेळ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक करडू तर त्याच्या पाठीवरच चढलं. मग त्याला इनामदारांच्या शेळ्यांत नेलं मात्र, एकच हलकल्लोळ! शेळ्या वाट फुटेल तिकडे उधळल्या. एक बोकड थेट चावडीत घुसला आणि त्याच्या धडकेनं इनामदारांचा फेटा धुळीत गेला.

ठकूबाईनं फेटा झटकून अदबीनं पुढे केला.

“मालक, आठ दिस कुत्र्याला मटण चारलंत खरं, पण शेळ्यांशी त्याची ओळख करून द्यायची तेवढी राहिली बघा.”