बगळ्याची साक्ष

जनावरंही सभा भरवून न्यायनिवाडा करत, त्या काळातली ही गोष्ट. रानडुकरांनी काळ्या दगडासाठी नदीकाठ खणून काढला आणि नदीचं पाणी काळवंडलं. पवळ्या बैलाने सभेत तक्रार केली, "कपाशी करपली. वासरं पाण्याला तोंड लावत नाहीत."

डुकरांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "बगळा दिवसभर याच पाण्यात उभा असतो. बघा, कसा पांढराशुभ्र आहे."

बगळ्याने मान ताठ केली. सभा उठली.

आता साक्षीदार म्हटल्यावर पांढरं राहणं आलंच. बगळा रोज पहाटे वरच्या डोहावर जाऊन अंग घासून धुवायचा आणि उजाडायच्या आत नदीत येऊन उभा राहायचा. म्होरक्या त्याला मासे पाठवायचा, तेही वरच्या डोहातलेच.

पुढे डुकरांनी वरच्या डोहाचा काठही खणला. बगळा चार दिवसांत काळाठिक्कर पडला आणि धापा टाकत सभेत आला. "दादा, पाणी खरंच घाण आहे! पवळ्याचं बरोबर होतं!"

म्होरक्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"कावळ्यांची साक्ष इथे चालत नाही," तो म्हणाला.