सरपंचांच्या फ्लेक्सची बाजू

"गोदाक्का म्हणे सरपंचांना परसातल्या खड्ड्यात..." एवढंच नळावर ऐकलं. मला बघून बायांनी पुढचं गिळलं. आता मला राहवतंय होय? घरी येऊन थेट शेजारच्या गोदाक्काच्या कुंपणाला कान लावला.

खड्डा अक्कानं बदकांच्या तळ्यासाठी खणलेला. जगदेवराव सरपंच आपल्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घेऊन उभे. "तळाला हाच अंथर. थेंब गळायचा नाही. आणि नाही म्हणशील, तर नळजोडणी कोण देतो ते ध्यानात ठेव."

असलाच फ्लेक्स माझ्या गोठ्यावर एका उन्हाळ्यात तडकला होता. म्हटलं, हा माणूस अडगळ खपवतोय. गेलं अक्काचं तळं!

अक्का म्हणाली, "नाही कशी म्हणेन, साहेब? फक्त बाजू सांगा. तुमचं तोंड वर ठेवलं, तर बदकांची सगळी घाण मिशीवर बसेल. खाली ठेवलं, तर सरपंचाला चिखलात घातलं म्हणून गाव मला बोलेल."

सरपंचांनी मिशी चाचपली, फ्लेक्स गुंडाळला. "राहू दे. शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा जाड कागद पाठवतो."

कागद आला, तळं भरलं. बायांची बातमी मात्र अर्धीच खरी निघाली. खड्ड्यात सरपंच गेले नाहीत, त्यांचा कागद तेवढा गेला.