पांढऱ्या भुकटीचा शाप

एका राज्यात डाळिंबांची राजबाग होती, पण डाळिंब फोडलं की आत धूळ निघे. वरून नारळाएवढं, लालबुंद, आतून पोकळ. थेट बाग राखणाऱ्या म्हाताऱ्यांसारखं.

त्या म्हाताऱ्यांना कर्कटनाथ जादूगाराने पांढरी भुकटी दिली होती. मुळाशी टाकली की फळ फुगे, आणि फुगलेलं बघून म्हातारे माना डोलवीत. राजाच्या जोड्याला पान चिकटू नये म्हणून ते रोज बाग झाडीत, पाचोळा जाळीत. माती विटेसारखी झाली, तरी झाडू थांबेना.

केरबा माळ्याने एकदाच विचारलं, "फळ फुगवता, मातीला काय घालता?"

जादूगाराने फुंकर मारली. केरबा डाळिंबाचं झाड झाला. "तुझ्या फांदीला रसाचं फळ धरेल, तेव्हा सुटशील."

त्यात राजाचा हुकूम निघाला: पुनवेपर्यंत रस न धरणारं झाड तोडावं. पुनव अठरा दिवसांवर. केरबाची बहीण सगुणा खोडाला मिठी मारून बसली. खोड आतून धडधडत होतं.

फांदीवर साळुंकी उतरली. "तीन कामं आहेत. करशील?"

"सांग."

"जिथे झाडू फिरला नाही, तिथली माती आण. तिला जेवू घाल. मग सात दिवस म्हाताऱ्यांचे हात आवर."

"तिसरं अवघड आहे."

"म्हणून शेवटी ठेवलं."

जाऊन-येऊन सात दिवसांची वाट. रानातल्या वडाखाली नाग होता. "सोनं हवं?"

"माती हवी."

असं मागणारं त्याला कुणी भेटलं नव्हतं. तो बाजूला झाला. ओंजळीतली माती कोमट होती, श्वास घेत होती.

मग रांजण सावलीत ठेवला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, पाणी, त्यात ती मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळलं. चौथ्या दिवशी रांजण गुणगुणू लागला. सगुणाने तो केरबाच्या मुळाशी ओतला, वर पाचोळ्याची गोधडी घातली.

एक फूल आलं, फळ धरलं. पण राखणीच्या सहाव्या दिवशी चार पानं पिवळी पडली आणि थोरला माळी धोंडाप्पा ओच्यात भुकटी घेऊन धावला.

"आप्पा, मागे फिरा."

"एवढीशी चिमूट, पोरी. चाळीस वर्षं टाकतोय."

"चाळीस वर्षं धूळच खाताय ना?"

"थोरांना उलट बोलतेस?"

"थोर असता तर बोलले नसते."

त्याने मूठ उगारली. सगुणा मुळांवर पालथी पडली. भुकटी तिच्या पाठीवर सांडली, तडतडली. टरारून फोड आले. ती मुळांवरून हलली नाही.

आप्पा फोडांवर वाकला. "एवढं... जळतं हे?"

"मातीला तोंड नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. हात धुवा."

त्याने हात धुतले.

सातव्या दिवशी, पुनवेला, उजाडताच राजा आला, कुऱ्हाडवाले आले. घाव घालायला हात वर गेला, तोच फळ आपोआप उकललं. राजाच्या जोड्यावर रस टपकला. खोड दुभंगलं, केरबा बाहेर आला. कोठीतली भुकटी विरघळली, आणि कर्कटनाथाची सावली गळून पडली. बिनसावलीच्या जादूगाराला कुणी भीत नाही. तो वेशीबाहेर चालता झाला.

म्हातारे दाण्यांसाठी हात पसरून उभे राहिले.

"आधी बोला, आप्पा."

"चुकलो."

"राजाला ऐकू जाईल असं."

"चुकलो, महाराज! आम्ही चुकलो!"

तेव्हा सगुणाने त्याच्या तळव्यावर दाणे ठेवले. अशी माती जेवली, भाऊ सुटला, राज्य ताळ्यावर आलं.