घोंगडीआडची माया

डोंगर अजून झाडांनी गच्च भरलेले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक धनगर आणि त्याची बायको राहत होती. धनगरीण मोजकंच बोलायची. उरलेलं सगळं धनगर बोलायचा.

एका पावसाळ्यात दरड कोसळून बिबट्याची मादी मेली. मागे राहिलं तिचं एकुलतं पिल्लू, भिजलेलं आणि भुकेनं कासावीस झालेलं. धनगरणीनं ते शेळीच्या दुधावर वाढवायला घेतलं. पण तिची रीत न्यारी होती. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी पांघरायची आणि आडूनच दुधात बुडवलेली चिंधी पुढे करायची. ना बोलणं, ना गोंजारणं. पिल्लू थोडं मोठं झाल्यावर ती मांसाचे तुकडे दगडांच्या कपारीत लपवू लागली. ज्याची भूक त्यानं शोधावं!

"अगं, एवढंसं लेकरू ते! नाव तरी ठेवू की," धनगर म्हणाला.

"नाव ठेवलं की तुम्ही हाक मारणार. आज तुमच्या हाकेला आलं, तर उद्या कुणाच्याबी हाकेला जाईल. रानात राहायचंय त्याला."

धनगरानं मान डोलावली आणि बायकोची पाठ वळताच नाव ठेवलं. चिमी! "चिमे, ये ये ये!" म्हटलं की चिमी उड्या मारत यायची, त्याचं पागोटं ओढायची, मांडीवर लोळायची. धनगर अगदी विरघळून जायचा.

चिमी मोठी झाली आणि रानात निघून गेली. धनगराला करमेना.

एके दिवशी माळावर त्याला एक वाटसरू भेटला. "या डोंगरात बिबट्या आहे म्हणतात. मला तर शेपूटही दिसलं नाही," वाटसरू म्हणाला.

"माझ्या एका हाकेला येते ती!" धनगरानं छाती फुगवली.

"काहीतरी थापा मारतोस."

झालं! धनगरानं हाक मारली. थोड्या वेळानं झुडपातून चिमी बाहेर आली, आनंदानं घुरघुरत. तेवढ्यात वाटसरूनं शीळ घातली. खडकामागून जाळं घेतलेले चौघे धावले. त्यांच्या मागे पिंजरा होता. राजवाड्याच्या अंगणात बांधायला बिबट्या हवा होता आणि वाटसरू होता राजाचा पिंजरेवाला.

"पळ, चिमे!" धनगर ओरडला. पण चिमीला वाटलं, खेळ चाललाय. ती आणखी जवळ आली. मग त्यानं डोळे मिटून दगड उचलला आणि तिच्या अंगावर मारला. चिमीनं कान पाडले, त्याच्यावरच दात विचकले आणि एका झेपेत रानात दिसेनाशी झाली.

पिंजरेवाला घसा सुकेपर्यंत "चिमे, ये ये" करत राहिला. शेवटी गावातलं एक कुत्रं तेवढं शेपूट हलवत आलं.

धनगरानं रडत रडत बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पिल्लू मोठं झालं की आईच त्याला हाकलून लावते. उशिरा का होईना, तिच्या आईचं काम केलंत."

पुढच्या हिवाळ्यात दोघांना समोरच्या कड्यावर चिमी दिसली. तिच्यामागे दोन पिल्लं धडपडत चालली होती. धनगराचं तोंड उघडलं, "चि..." आणि त्यानं पटकन घोंगडीचं टोकच तोंडात कोंबलं. ते पाहून धनगरीण पोट धरून हसली. त्या दिवशी घरात तीच बोलत होती आणि धनगर मुकाट्यानं डोळे पुसत हसत होता.

तात्पर्य एवढंच: ज्याला रानात जगायचं आहे, त्याला जीव लावावा, पण आपला लळा लावू नये.