काटा बंद असलेली गाडी

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याकडे, श्रीरंगकडे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करण्याचे काम सोपवले. रुग्ण शहराच्या चारी टोकांना विखुरलेले. तेव्हा महिनाभरासाठी भाड्याची मोटारसायकल घेणे भाग होते. गाडी वाटेत बंद पडली, तर कुणाची तरी जखम दिवसभर न धुता राहणार. म्हणून गाडी पाहायला गुरुजी स्वतः सोबत निघाले.

पहिल्या दुकानात नव्या गाड्या झळकत होत्या. गुरुजींनी एकीवर हात ठेवून विचारले, "हिच्यात खोड काय आहे?"

दुकानदार हसला. "आमच्या गाडीत खोड? डोळे झाकून न्या, आजोबा."

"आणि शेजारचीत?"

"एकीतही नाही."

गुरुजींनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले. श्रीरंग खट्टू होऊन मागोमाग निघाला.

दुसरे दुकान एका बाईंचे होते. गुरुजींनी तोच प्रश्न केला. बाई म्हणाल्या, "हिचा पेट्रोलचा काटा बंद आहे. रोज सकाळी टाकी उघडून बघायची. गार पडली की दोन-तीन किका मागते. ब्रेक आणि टायर मात्र गेल्याच महिन्यात नवे घातलेत." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती मागू नका. तिची चेन उतरते, दुरुस्त झाल्याशिवाय मी ती देणार नाही."

गुरुजींनी श्रीरंगला एक फेरी मारून ब्रेक तपासायला लावले आणि काटा बंद असलेली गाडी ठरवून टाकली.

"गुरुजी, निर्दोष गाडी सोडून ही का घेतली?"

"अरे, रोज रस्त्यावर धावणाऱ्या यंत्रात काही ना काही उणे असायचेच. ते ज्याला सांगता येते, त्याने गाडी नीट पाहिलेली असते. पहिल्याने आपल्याला नुसता धीर दिला. तो पहिल्या चढापर्यंत पुरला असता. काटा बंद आहे हे कळल्यावर तू सकाळी टाकी बघूनच निघशील."

श्रीरंगला नदीपलीकडचे विसूभाऊ शिंपी आठवले. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. "दोन महिन्यांत हात पूर्वीसारखा होईल," असे गेल्या महिन्यात ते गुरुजींकडे उपचाराला आले तेव्हा श्रीरंगने त्यांना सांगितले होते. खरे काय ते ठाऊक असूनही, त्यांचा चेहरा बघवेना म्हणून. तेव्हापासून विसूभाऊ दुकान बंद ठेवून वाट पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तो आधी त्यांच्याकडे गेला. तेल चोळता चोळता म्हणाला, "भाऊ, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हात थोडा उचलता येईल, पण कात्री धरण्याइतका बहुधा नाही."

विसूभाऊंनी आपल्या लुळ्या बोटांकडे पाहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी खांद्याला पुसले. मग घरात हाक मारून बायकोला म्हणाले, "मशीनवरचं कापड काढ गं. कापायचं तू बघ. डाव्या हाताने शिवण जमते का, ते मी बघतो."

श्रीरंग तेल चोळत राहिला. ज्याला आपण जपू पाहतो, त्यालाच आपण किती दिवस थांबवून ठेवले, हे त्याला त्या घडीला उमगले.